लाखो थेंबांतून एक थेंब

(हसनाबाद येथे वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा समारंभात पाहुण्याने 'विद्येचे महत्त्व' या विषयावर बोलावे असा रिवाज आहे. चिटणीससाहेबांचे निमंत्रण आले तेव्हा मी त्यांना विचारले, की विज्ञानातला एकच विषय घेऊन तो नीट समजावून सांगितला तर चालेल काय? ते म्हणाले, "चालेल, पण मागच्या रांगेतल्या मंडळींनाही समजला पाहिजे." मागच्या रांगेत आज बहुतेक माताभगिनी बसल्या आहेत आणि माझा विषय निवडण्या-पाखडण्याचा आहे. तेव्हा त्यांना तो इतरांच्या आधी समजेल अशी माझी खात्री आहे.

सुरुवात तूरडाळीपासून करतो. माझ्या वालिदांचे किराणा दुकान होते. घरात डाळ निवडणे हे रोजचे काम असे. सुपात घ्यायची, पाखडायची, मग बोटांनी खडे आणि काळे दाणे वेचायचे. आज दुकानदार 'सॉर्टेक्स' डाळ म्हणून जी देतो ती यंत्राने निवडलेली असते. या यंत्रात दाणे उतरत्या पन्हाळीवरून खाली पडत येतात. पडता पडता कॅमेरा प्रत्येक दाणा पाहतो. रंग वेगळा दिसला की खाली बसवलेल्या बारीक नळीतून हवेचा झटका येतो आणि तेवढाच दाणा बाजूला उडतो. बाकीचे सरळ खाली पोत्यात जातात. जालन्याच्या डाळमिलमध्ये ज्यांचे कोणी कामाला असेल त्यांनी हे यंत्र पाहिले असेल. बियाण्यांच्या व्यवसायातही निवडीलाच सर्व किंमत आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिकोची स्थापना केली तेव्हापासून आपला जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जातो, हे येथे नव्याने सांगायला नको.

आता असे समजा, की दाण्याच्या जागी पाण्याचा एक थेंब आहे. तो केसाच्या जाडीपेक्षाही लहान. त्या थेंबात एकच जिवाणू बंद केलेला आहे. असे दोन-तीन हजार थेंब दर सेकंदाला एका बारीक नळीतून धावत आहेत आणि त्यांतला एखादाच चांगला थेंब ओळखून बाजूला काढायचा आहे. आजचा विषय तो हा.

पण एवढा खटाटोप कशासाठी? त्याकरिता थोडे मागे जावे लागेल.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांतले काही अशी द्रव्ये तयार करतात की जी दुसऱ्या जंतूंना मारतात. त्यांनाच आपण प्रतिजैविके म्हणतो. पुण्याजवळ पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिला. तेथे पेनिसिलिन तर तयार झालेच, पण डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीचे नमुने घेऊन नवीन औषध शोधत राहिले. पिंपरीच्याच मातीत त्यांना एक सूक्ष्मजीव सापडला. त्याचे नाव ठेवले 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. त्यापासून हॅमायसिन हे बुरशीच्या रोगांवरचे औषध निघाले. हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची आद्याक्षरे त्या औषधाच्या नावात आहेत. आपल्या पायाखालच्या मातीचे नाव औषधशास्त्राच्या ग्रंथांत गेले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

या कामाची पद्धत मात्र फार मेहनतीची होती. काचेच्या बशीत अगर नावाच्या खळीचा थर द्यायचा, त्यावर माती कालवलेले पाणी पसरायचे, वसाहती वाढू द्यायच्या, एकेक वसाहत वेगळी करून तिची परीक्षा घ्यायची. माणूस कितीही कष्टाळू असला तरी दिवसाला काही शे, फार तर हजार. अमेरिकेत पेनिसिलिनसाठी चांगली बुरशी शोधत होते तेव्हा 1943 साली पिओरिया गावच्या बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर ती मिळाली. पुढे क्ष-किरण आणि अतिनील किरण यांचा मारा करून तिचे वंशज बदलले आणि पुन्हा पुन्हा त्यांतून निवड केली. आजचे पेनिसिलिन त्याच खरबुजाच्या घराण्यातले आहे.

येथे मला एका माणसाची आठवण करून द्यायची आहे, कारण त्यांचे नाव आपल्या मुलांना क्वचितच ऐकायला मिळते. डॉ. ओबैद सिद्दीकी. जन्म 1932 साली, उत्तर प्रदेशातील बस्तीचा. शिक्षण अलीगढला. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत गव्हावर काम करीत असताना गारपीट झाली आणि प्रयोगाचे पीक आडवे झाले. गारपीट म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. या गृहस्थांनी मग गहू सोडला आणि सूक्ष्मजीवांचे आनुवंशशास्त्र धरले. ग्लासगोला जाऊन पाँटेकोर्व्हो यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली, अमेरिकेत संशोधन केले आणि होमी भाभांच्या बोलावण्यावरून 1962 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे त्यांनी फळांवर घोंगावणाऱ्या बारीक माशा घेतल्या. कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी अशा माशा निवडून काढल्या, की ज्या उष्णता वाढताच लुळ्या पडतात आणि गारवा मिळताच पुन्हा उडू लागतात. मुंबईत त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास किंवा चव ओळखता न येणाऱ्या माशा हजारो माशांतून वेचल्या. अशा बिघडलेल्या माशीवरून चांगल्या माशीचा मेंदू कसा चालतो ते समजते. बेंगळुरूचे राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र सिद्दीकीसाहेबांनीच उभारले. 2006 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि 2013 साली त्यांचे निधन झाले.

हजारांतून एक वेचण्याचे काम हे असे. पण काही कामांत हजारांनी भागत नाही.

समजा एक विकर आहे, ज्याला आपण एन्झाइम म्हणतो. कपड्याच्या पावडरीत डाग काढण्यासाठी विकरे घालतात, एलायझा नावाच्या रक्तचाचणीत रंग उमटवणारेही विकरच असते. विकर म्हणजे माळेसारखी ओवलेली प्रथिनाची साखळी. मणी वीस प्रकारचे आणि माळ समजा 300 मण्यांची. या माळेतला एकच मणी बदलायचा म्हटले तर 5,700 नवीन माळा होतात. विद्यार्थ्यांनी 300 ला 19 ने गुणून पाहावे. एका वेळी दोन मणी बदलायचे तर 1 कोटी 61 लाखांहून अधिक. तीन बदलायचे तर तीन हजार कोटींच्या वर. यांतली कोणती माळ जास्त चांगले काम करील हे कागदावर बसून सांगता येत नाही, म्हणून करून पाहायचे. बदल करायचे, चाचणी घ्यायची, चांगले निवडायचे, त्यात पुन्हा बदल करायचे. आपला शेतकरी चांगल्या कणसाचे बी राखून ठेवतो, तसेच. या पद्धतीने विकरे सुधारल्याबद्दल फ्रान्सिस अर्नोल्ड या बाईंना 2018 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता अडचण पाहा. चाचणी घ्यायची ती प्लास्टिकच्या 96 खळगे असलेल्या तबकड्यांत. दहा कोटी चाचण्या करायच्या तर दहा लाखांहून जास्त तबकड्या लागतील. त्या एकावर एक रचल्या तर सुमारे 15 किलोमीटर उंचीचा ढीग होईल. कोण रचणार आणि कोण भरणार? मग सर्व जिवाणू एकाच भांड्यात टाकून चाचणी का घेऊ नये, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर असे. शंभर मुलांनी नाव न लिहिता उत्तरे लिहिली आणि सर्व कागदांचा लगदा करून गुरुजींना दिला, तर वर्गात कोणीतरी हुशार आहे एवढेच कळेल, कोण ते कळणार नाही. जिवाणूने केलेले द्रव्य पाण्यात मिसळून जाते आणि करणारा हरवतो. पेशी एकेक करून वेचणारी यंत्रे 1965 पासून आहेत, पण पेशीच्या बाहेर पडून गेलेल्या द्रव्याची नोंद त्यांना ठेवता येत नाही. करणारा आणि केलेले काम एकाच खोलीत बंद ठेवले पाहिजे. केंब्रिज येथे तौफिक आणि ग्रिफिथ्स या दोघांनी 1998 साली ही खोली म्हणून तेलातला पाण्याचा थेंब वापरला. कल्पना इतकी साधी, की आपल्याला कशी सुचली नाही असे वाटावे.

मात्र तेल-पाणी नुसते घुसळले तर थेंब लहानमोठे होतात आणि मग कोणता जास्त चमकतो याची तुलना करता येत नाही. सारखे थेंब पाडण्यासाठी सिलिकॉनच्या रबरासारख्या पदार्थात केसाएवढ्या नळ्या कोरतात आणि ती वडी काचेवर चिकटवतात. वडी चहाबरोबरच्या बिस्किटाएवढी. एका नळीतून पाणी येते, दोन्ही बाजूंनी तेल येते, चौकात तेल पाण्याच्या धारेला चिमटा घेते आणि थेंब तुटतो. पुन्हा चिमटा, पुन्हा थेंब. कुंभाराच्या हातालाही जमणार नाही असे एकसारखे थेंब सेकंदाला हजारोंनी पडतात. 2001 ते 2003 या काळात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत या नळ्यांचे आकार ठरत गेले. थेंब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तेलात साबणाच्या जातीचे द्रव्य घालतात. थेंबाचे माप सांगतो. सहा पिकोलिटरचा थेंब घेतला तर डोळ्यात औषध घालण्याच्या ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबात असे 83 लाख थेंब मावतील.

प्रत्येक थेंबात एकच जिवाणू कसा जाईल? आत डोकावून कोणी मोजत नाही. पाण्यात जिवाणू इतके विरळ ठेवतात, की सरासरी दहा थेंबांत एक यावा. मग गणित सांगते, की हजार थेंबांपैकी सुमारे 905 रिकामे राहतील, 90 मध्ये एकेक असेल आणि पाचांत दोन किंवा जास्त. म्हणजे नव्वद टक्के थेंब फुकट जातात. ते फुकट घालवणे परवडते, कारण थेंब स्वस्त आहेत. हे गणित पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने शिकवतात. ज्या मुलांना संभाव्यतेचे प्रकरण निरुपयोगी वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

थेंबात जिवाणूबरोबर असे एक द्रव्य घालतात, की ज्यावर विकराने काम केले की ते लेसरच्या प्रकाशात चमकू लागते. विकर चांगले तर चमक जास्त. थेंब एका रांगेत लेसरसमोरून जातात, संवेदक चमक मोजतो आणि पुढे नळीला दोन फाटे फुटतात. एक फाटा रुंद, एक अरुंद. पाणी जसे सोप्या वाटेने जाते तसे सर्व थेंब आपोआप रुंद फाट्याने जातात. ती कचऱ्याची वाट. चमक ठरवलेल्या मर्यादेच्या वर असली तर शेजारच्या विद्युतकांना क्षणभर जास्त दाबाची वीज मिळते आणि तेवढाच थेंब ओढला जाऊन अरुंद फाट्यात शिरतो. थेंबाला स्वतःचा विद्युतभार नसतो, तरी तो ओढला कसा जातो? कोरड्या केसांवरून कंगवा घासून कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडी मारून चिकटतात. कपट्यांनाही भार नव्हताच. तत्त्व तेच. तेलापेक्षा पाण्यावर विजेचा हा परिणाम कितीतरी जास्त होतो, म्हणून तेल जागच्या जागी आणि थेंब बाजूला.

सॉर्टेक्समध्ये वाईट दाणा उडवतात आणि येथे चांगला थेंब ओढतात. दोन्हीकडे यंत्र जे दुर्मीळ आहे त्यालाच हात लावते. शिवाय वीज गेली तर सर्व थेंब कचऱ्यात जातात, चांगल्यांत वाईट मिसळत नाही. आपल्याकडच्या भारनियमनाच्या दृष्टीने ही योजना मला फार आवडली.

हार्वर्ड विद्यापीठात डेव्हिड वाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली या पद्धतीचा जो प्रयोग प्रसिद्ध केला त्यात सुमारे दहा तासांत दहा कोटी चाचण्या झाल्या आणि सर्व मिळून 150 मायक्रोलिटरपेक्षा कमी द्रावण लागले. म्हणजे ड्रॉपरचे तीन थेंब! विकर होते एलायझामध्ये वापरतात तेच, मुळ्यासारख्या एका तिखट मुळीतले. ते यीस्टच्या पेशींच्या अंगावर बसवले होते. मूळ विकरच अतिशय वेगवान, तरी त्याच्या दहापटींहून अधिक वेगाने काम करणारे प्रकार त्यातून निघाले. यंत्रमानवाने तबकड्या भरण्यापेक्षा वेग हजारपट आणि खर्च दहा लाखांश. याच थेंबांतून पुढे प्रतिद्रव्ये करणाऱ्या पेशी निवडण्यात आल्या आणि एकेका पेशीतील जनुकांचे काम वाचण्याची पद्धतही निघाली.

आता थोडे दोषही सांगितले पाहिजेत. मी शिकत होतो त्या एका प्रयोगशाळेत आम्ही महिनाभर थेंब निवडले आणि चांगले म्हणून काढलेले बहुतेक सामान्य निघाले. चमकणारे द्रव्य तेलातून हळूहळू शेजारच्या थेंबांत झिरपत होते! काही न करणारे थेंब शेजाऱ्याच्या उजेडावर पास होत होते आणि चांगल्यांची चमक कमी भरत होती. द्रव्य बदलले तेव्हा कुठे काम मार्गी लागले. दुसरा दोष जास्त खोल आहे. चमकणारे द्रव्य हे खऱ्या द्रव्याच्या जागी घेतलेले सोंग असते. कधी कधी त्या सोंगावर उत्तम काम करणारे विकर निवडले जाते आणि खऱ्या कामाला लावले की ते ढिम्म बसते. या क्षेत्रात एक बोलणे आहे, की तुम्ही जे तपासाल तेच तुम्हाला मिळेल. मर्यादा वर ठेवली तर चांगले सुटतात, खाली ठेवली तर फालतू घुसतात. म्हणून एकदा निवडलेल्यांची पुन्हा वेगळ्या रीतीने परीक्षा घेतात. एकाच चाचणीवर निकाल देणारा संशोधक शहाणा समजला जात नाही.

पालकांनो, हे ऐकताना तुमच्या मनात दहावीचा निकाल आला असेल. माझ्याही आला. आपण एकच आकडा पाहतो आणि मुलाचा फाटा ठरवतो. ज्याला पाठांतर जमते पण यंत्र हाताळता येत नाही त्याला विज्ञान, आणि ज्याने घरचा पंप स्वतः खोलून जोडला त्याला 'याच्या नशिबात नाही'. मुलींच्या बाबतीत तर काही घरांत त्यांना लेसरसमोर येऊच देत नाहीत. दहावीनंतर गाव सोडून जावे लागेल, वेळेवर एसटी नाही, लोक काय म्हणतील. भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही, मी स्वतः दोन मुलींचा बाप आहे. पण गावातल्या चार मुली एकत्र जाऊ-येऊ लागल्या तर भीती बरीच कमी होते, आणि ही व्यवस्था संस्था आणि पालक मिळून करू शकतात. या वर्षी करावी, अशी माझी अध्यक्षसाहेबांना सर्वांसमक्ष विनंती आहे.

अशा कामात आपल्या मुलांना जागा आहे काय? आहे. नळीतला प्रवाह समजणारा भौतिकशास्त्राचा, तेल आणि रंग करणारा रसायनशास्त्राचा, जिवाणू वाढवणारा जीवशास्त्राचा, क्षणात निर्णय घेणारी आज्ञावली लिहिणारा संगणकाचा आणि विद्युतमंडल जोडणारा आय.टी.आय.चा, इतके लोक लागतात. म्हणून अकरावीत जीवशास्त्र घेणाऱ्यांनीही गणित सोडू नये. पुण्याला 2006 पासून आयसर ही संस्था आहे, तिची प्रवेशपरीक्षा बारावीनंतर देता येते. ती नाही जमली तरी जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करून पुढे आय.आय.टी.ची जॅम परीक्षा देता येते. एम.एस्सी.नंतर सी.एस.आय.आर.-यू.जी.सी.ची नेट परीक्षा आहे, तीत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. 2009 पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती 2022-23 पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद झाली. त्याचे दुःख आहे. मात्र नेटची अधिछात्रवृत्ती सर्वांना खुली आहे आणि तिचा अभ्यास एम.एस्सी.च्या पहिल्याच दिवशी सुरू करावा.

शोधण्यासारखे दूर जायला नको. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे, उल्कापाताने काळ्या खडकात झालेले. त्याचे पाणी सोड्यासारखे क्षारयुक्त. ज्या पाण्यात सामान्य जीव तग धरत नाही तेथे वेगळेच जिवाणू राहतात. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी तेथील एका जिवाणूचे 2010 साली 'इंडिबॅक्टर' असे नामकरण केले. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचे दाखवले. अशा क्षारात काम करणारी विकरे कपड्याच्या पावडरीला हवीच असतात. मातीतले आणि पाण्यातले बहुसंख्य जिवाणू काचेच्या बशीत वाढतच नाहीत. त्यांतले काही थेंबाच्या बंद खोलीत, दांडग्या शेजाऱ्यांपासून दूर, सावकाश वाढू शकतात. या थेंबयंत्राचा मला सर्वांत मोठा उपयोग तेथे दिसतो. लेसर, विशेष तेल आणि नळ्यांचे साचे महाग पडतात, म्हणून अजून हे काम मोठ्या संस्थांतच चालते. आपल्या देशात मुंबई आणि मद्रासच्या आय.आय.टी.त सूक्ष्म नळ्यांतील प्रवाहावर संशोधन होते.

मी बरोबर खाण्याचा लाल रंग, शेंगदाण्याचे तेल आणि एक ड्रॉपर आणला आहे. जेवणानंतर शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक मांडतो. रंगीत पाण्याचे थेंब तेलात घुसळून काचेवर ठेवू. ते लहानमोठे दिसतील आणि पाहता पाहता एकमेकांत मिसळतील, ते का हे मुलांनी मला सांगायचे आहे. सूक्ष्मदर्शक एकच आहे, म्हणून चार-चारच्या तुकडीने यावे. पहिली तुकडी आठवीच्या मुलींची.